बाबांचा फोन चार्जच होत नाहीये, चार्जर केबल सगळं बदलून झालं, आता काय?

पागोळी (शनिवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात असते, आईबाबा गावी, लांज्याच्या पुढे. बाबांचा अँड्रॉइड फोन आहे, अडीच वर्षं झाली घेऊन, वॉरंटी कधीच संपली, टाइप सी वाला. तर परवापासून तो चार्जच होत नाहीये. म्हणजे अगदी काहीच नाही, विजेचं चिन्ह नाही, व्हायब्रेट नाही, स्क्रीन काळी ती काळीच. मी म्हटलं चार्जर गेला असेल तर घाईघाईत ऑनलाइन एक नवीन मागवून पाठवला, त्याच्यासोबत दोन्हीकडे टाइप सी असलेली केबल आली. तो लावला तरी तेच. जुना चार्जर (म्हणजे एका बाजूला चपटी मोठी पिन असलेला) लावला तरी तेच.

बाबा भाच्यासोबत तालुक्याच्या गावी जाऊन एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवून आले, तिथल्या पोराने पाच मिनिटं बघितला आणि म्हणाला मदरबोर्ड गेलाय, साडेसहा हजार होतील आणि डेटा जाईल. साडेसहा हजारात नवीन फोन येतो हो! पण त्यात आजीचे शेवटचे दोन वर्षांचे फोटो आहेत, बॅकअप वगैरे काही नाही, बाबांना तो प्रकार माहीतच नाही, आणि मी पण कधी बसून करून दिला नाही ही माझी चूक.

शिवाय आत्ता गणपती तोंडावर आलेत, त्यांचं सगळं पेमेंट त्याच फोनवर येतं, लोक स्कॅन करून जातात आणि बाबांना कळतच नाही पैसे आले की नाही. काय करू? मोबाईलमधलं कळणारं कोणी असेल तर प्लीज सांगा.

---

टमरेल (शनिवार, रात्री १०:५५)

तांदळाच्या डब्यात ठेवा रात्रभर. पावसाचे दिवस आहेत, पाणी गेलं असणार. माझ्या मेव्हण्याचा असाच बरा झाला होता.

---

ओली_छत्री (शनिवार, रात्री ११:१०)

पेमेंटचं आधी सांगते कारण ते अर्जंट दिसतंय. भिंतीवर लावलेला क्यूआर कोड बँकेच्या खात्याला जोडलेला असतो, फोन बंद असला तरी पैसे खात्यात जमा होतातच, फक्त दिसत नाहीत. तेव्हा बाबांचं सिम काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये टाका, बँकेचे एसएमएस तिथे येतील, तेवढ्यावर दुकान चालतं. आमच्या सासऱ्यांचं आठ दिवस असंच चाललं होतं. साधा बटणवाला फोन असेल तर तो फोरजी आहे का ते बघा, जिओचं सिम जुन्या टूजी डब्यात चालत नाही. आणि पेमेंटचं अ‍ॅप दुसऱ्या फोनवर नव्याने चालू करायचं असेल तर सिम त्याच फोनमध्ये लागतं कारण ते त्या सिमवरून मेसेज पाठवून खात्री करतं. पण एसएमएसवर भागत असेल तर त्या भानगडीत आत्ता पडू नका.

---

सोल्डरकाका (शनिवार, रात्री ११:३१)

पागोळीताई, मी कोल्हापुरात पंधरा वर्षं मोबाईल रिपेअरिंग करतोय. पहिली गोष्ट, पाच मिनिटं बघून मदरबोर्ड गेला असं कोणालाच कळत नाही, मलाही कळत नाही. साडेसहा हजार कुणाला देऊ नका अजून.

आता मी विचारतो त्याची नीट उत्तरं द्या, अंदाजे नको, बाबांना विचारून द्या.

तुमचे दोन्ही चार्जर आईच्या फोनला लावून बघितले का, तो चार्ज होतो का.

केबलची पिन बाबांच्या फोनमध्ये पूर्ण आत जाते का. नवीन असताना टक् असा आवाज येऊन बसायची, तशी बसते का, की थोडी बाहेर राहते आणि हलते.

एकदम बंद झाला की आधी महिना पंधरा दिवस नखरे करत होता, म्हणजे केबल वाकडी धरली की चार्ज होतो वगैरे.

चार्जरला लावून किती वेळ ठेवला. बॅटरी पार तळाला गेली की फोन आधी अगदी बारीक करंट घेतो आणि वीस मिनिटं अर्धा तास स्क्रीनवर काहीच येत नाही, लोक दोन मिनिटात काढून घेतात आणि मेला म्हणतात.

आणि शेवटचं, फोन गुळगुळीत फरशीवर उताणा ठेवून बोटाने गिरकी द्यायला सांगा. भोवऱ्यासारखा फिरला किंवा मागचं झाकण कुठे उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगलीये, मग चार्जरला लावायचाच नाही, दाबायचा नाही, टोचायचा तर अजिबात नाही.

---

जुनाट_रेडिओ (शनिवार, रात्री ११:४८)

काकांच्या प्रश्नांत माझा एक जोडतो. चार्ज कुठे लावतात, घरात की दुकानात? दुकानात थ्री फेज मीटर असेल आणि न्यूट्रल ढिला झाला असेल तर सिंगल फेजच्या प्लगवर २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्टेज जाऊ शकतं. चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कमी व्होल्टेज तो सोसतो (म्हणून गावाकडे दिवा मिणमिणत असला तरी फोन चार्ज होतो), जास्त सोसत नाही. आमच्याकडे ऊस उपसा पंपाच्या बोर्डावर दोन चार्जर असेच जळाले.

---

चंद्रपूरकर_४७ (रविवार, सकाळी ७:०५)

माह्या फोनचं उलटं हाय. मे महिन्यात दुपारी चार्जच होत नाही, बॅटरी गरम आहे म्हनून मेसेज येते. काहून होनार, बाहेर शेचाळीस अन् घरात चाळीस. लिथियमच्या बॅटरीले पंचेचाळीसच्या वर चार्ज करू देत नाही फोन, आपोआप बंद करते. कूलरसमोर ठेवला का पंधरा मिनिटात चालू. फक्त फ्रीजमध्ये नोका ठेवू बापा, बाहेर काढला का आतून दव धरते, माह्या भावानं तसाच एक घालवला. कोकनात हे नसन म्हना.

---

पागोळी (रविवार, सकाळी ९:२०)

सगळ्यांचे आभार. ओली_छत्री, सिम आईच्या फोनच्या दुसऱ्या खणात टाकलं, काम झालं, एका रात्रीत अठरा मेसेज येऊन पडले.

काका, उत्तरं. आईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करून सगळं करून घेतलं, त्यात आईचा फोन चार्जरला लावून बघायचा म्हणजे कॉल चालू असतानाच लावला. दोन्ही चार्जर तिच्या फोनला चालतात. दोन्ही केबल पण. गिरकी दिली, फिरला नाही, झाकण व्यवस्थित आहे. रात्रभर चार्जरला लावून ठेवला होता तरी काही नाही.

वाकडी केबलचं तुम्हाला कसं कळलं? बाबा म्हणाले महिनाभर तसंच चाललं होतं, केबल वर उचलून धरली की चार्ज व्हायचा, मग त्यांनी केबलखाली काडेपेटी आणि वरून रबर बँड अशी सोय केली होती, आणि हे सगळं मला आज सांगतायत! विचारलं तर म्हणे "अगो चालत होता ना, मग कशाला सांगू".

पिन पूर्ण आत जात नाही. आईने जवळून दाखवलं, जाड्या नखाएवढी फट राहते बाहेर आणि हलते.

चार्ज घरातच लावतात, गिरणीत नाही लावत. गिरणीत थ्री फेज आहे पण तिथला बोर्ड फक्त मोटरचा.

---

सोल्डरकाका (रविवार, सकाळी ९:३४)

गिरणी? कसली गिरणी?

---

पागोळी (रविवार, सकाळी ९:३६)

पिठाची. बाबांची पिठाची गिरणी आहे. सांगायचं राहिलं का? सॉरी.

---

सोल्डरकाका (रविवार, सकाळी ९:५०)

अहो ताई हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं. फोन कुठे असतो दिवसभर, शर्टाच्या वरच्या खिशात ना? तोंड वर करून?

---

पागोळी (रविवार, सकाळी ९:५३)

खिशातच. उलटा ठेवतात म्हणजे चार्जिंगचं भोक वर. कारण स्पीकर पण तिकडेच आहे आणि गिरणीच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही म्हणून. आणि सध्या मोदकाच्या पिठीची दळणं चालू आहेत, सकाळी आठपासून डब्यांची रांग.

---

जुनाट_रेडिओ (रविवार, सकाळी ९:५८)

म्हणजे फोनच्या पोर्टात तांदळाची पिठी ठासून भरलीये आणि टमरेल साहेब सांगतायत तांदळात ठेवा 😂😂

---

टमरेल (रविवार, सकाळी १०:०२)

मला काय माहीत गिरणी आहे. मेव्हण्याचा बरा झाला होता एवढंच म्हटलं.

---

सोल्डरकाका (रविवार, सकाळी १०:४०)

हसू नका, तांदळाचा सल्ला माझ्याकडे रोज चार गिऱ्हाइकं ऐकून येतात. मेव्हण्याचा फोन तांदळामुळे नाही, नुसता रात्रभर बंद पडून राहिला म्हणून वाळला, तो टेबलावर ठेवला असता तरी वाळला असता. उलट तांदळाचा भुगा पोर्टात जातो. अ‍ॅपलने २०२४ साली त्यांच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलं की ओला आयफोन तांदळात ठेवू नका. ओला झाला असेल तर तोंड खाली करून हातावर हलकेच आपटायचा, वाऱ्याला ठेवायचा, चार्जरला लावायचा नाही, झालं.

आता मुद्दा. टाइप सीच्या भोकात मध्यभागी एक पातळ जीभ असते, तिच्या वर बारा आणि खाली बारा अशा चोवीस तांब्याच्या पट्ट्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या. केबलची पिन त्या जिभेभोवती बसते. तुम्ही दरवेळी केबल घुसवता तेव्हा आत जे काही पीठ, धागे, घाम असेल ते तळाला ठासलं जातं, हळूहळू गोधडी भरल्यासारखं. कापडाचे तंतू असले तर निदान ओढून निघतात, पिठी मात्र पावसाळी हवेत दमट होते आणि मग वाळली की लांबी भरल्यासारखी घट्ट. पिन अर्धा मिलिमीटर जरी कमी आत गेली तरी पट्ट्या जुळत नाहीत. तुमचं नखाएवढं अंतर म्हणजे भरपूरच आहे. म्हणून केबल उचलून धरली की चालायचा, एका बाजूच्या पट्ट्या कशाबशा टेकायच्या.

काढायचं कसं ते नीट वाचा. फोन बंद आहेच तरी चार्जरची केबल लावलेली नसू दे. लाकडी टूथपिक घ्या, तिचं टोक ब्लेडने चपटं तासा, पट्टीसारखं. सुई नाही, सेफ्टी पिन नाही, सिम काढायची तार नाही, धातू काहीच नाही. जीभ लय नाजूक असते, एकदा तिची पट्टी उचकटली की माझ्यासारख्याकडे यावंच लागतं. जिभेच्या वरून आणि खालून, भिंतीच्या कडेने टूथपिक घालायची आणि तळापासून बाहेर खरवडत आणायची. आत ढकलायची नाही. जिभेला आडवा जोर द्यायचा नाही. मधूनमधून फोन खाली तोंड करून हातावर थोपटायचा. घाई नको, मला दुकानात भिंगाखाली दहा मिनिटं लागतात, बाबांना अर्धा तास लागेल.

तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीची वाफ जाते आणि पिठाचा चिखल होतो. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा तर बिलकुल नको, त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि प्रेशर एवढं की पीठ फोनच्या आत स्पीकरात जाऊन बसतं.

---

पागोळी (रविवार, सकाळी १०:४४)

फुंकर मारून झालीये. रोज मारत होते म्हणे. 🤦

---

पागोळी (रविवार, दुपारी २:१५)

काका!!! निघालं!!

सविस्तर सांगते. बाबांना चाळिशीचा चष्मा, त्यामुळे आईने टॉर्च धरला, बाबांनी टूथपिक, आणि मी व्हिडिओ कॉलवर पण मला फक्त आईचा अंगठा दिसत होता. पहिली दहा मिनिटं काहीच आलं नाही, बाबा म्हणाले इथे काही नाहीये तळ लागला. मी म्हटलं तळ नाही तेच पीठ आहे, काका म्हणालेत तळापासून खरवडा. मग एक पांढरट खपली निघाली, मग अख्खा तुकडाच, वाळलेल्या कुरडईच्या तुकड्याएवढा, चक्क पिनच्या आकाराचा साचा! आईने तो कागदावर ठेवून फोटो काढलाय. बाबा एवढ्या अभिमानाने बघत होते जसं काही विहिरीला पाणी लागलं.

मग जुना चार्जर लावला. टक् आवाज आला म्हणे. पाच मिनिटं काही नाही, दहा मिनिटं काही नाही, मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि सतराव्या मिनिटाला रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं. आई ओरडलीच.

आता चालू झालाय. पण दोन गोष्टी विचित्र आहेत. एक म्हणजे भयंकर हळू चार्ज होतोय, दीड तासात चौदा टक्के. दुसरं म्हणजे नवीन चार्जर (दोन्हीकडे सी वाली केबल) एका बाजूने लावला की होतो, पिन उलटी करून लावली की अजिबात होत नाही. जुन्याला दोन्ही बाजूने होतं. असं का? टाइप सीला उलटसुलट नसतं ना?

---

जुनाट_रेडिओ (रविवार, दुपारी ३:०५)

वा! अभिनंदन. उलटसुलटचं मी सांगतो, माझा आवडता विषय आहे.

आपल्याला वापरताना उलटसुलट नसतं पण आत असतं. जिभेच्या एका अंगाला सीसी नावाची एक पट्टी आणि दुसऱ्या अंगाला दुसरी. केबल कुठल्या बाजूने आली हे त्या दोघींपैकी कोण बोलतंय त्यावरून फोनला कळतं. फोनच्या बाजूला त्या पट्टीला ५.१ किलोओहमचा एक रोधक जोडलेला असतो, म्हणजे शाळेत आपण त्याला रोध म्हणायचो तोच. दोन्हीकडे सी असलेल्या केबलचा चार्जर शहाणा असतो, त्याला तो रोध दिसल्याशिवाय तो पॉवर सोडतच नाही, पिनवर शून्य व्होल्ट. जुना चपट्या पिनचा चार्जर मात्र भोळा, त्याच्यावर पाच व्होल्ट कायम असतात, कोणी विचारो न विचारो. म्हणून जुना दोन्हीकडून चालतो, नवीन एकीकडूनच. म्हणजे तुमच्या एका बाजूच्या सीसी पट्टीवर अजून घाण आहे किंवा ती गंजलीये. तुम्ही न कळत एकदम पर्फेक्ट टेस्ट केलीत.

हळू का, तर त्याच जिभेवर मधोमध डेटाच्या पट्ट्या असतात. त्यांच्यावरून फोनला कळतं की हा भिंतीवरचा दमदार चार्जर आहे. त्या नीट टेकल्या नाहीत तर फोनला वाटतं आपण कुणाच्या तरी कॉम्प्युटरला लागलोय आणि तो जपून ५०० मिलिअँपिअरच ओढतो. बाबांच्या फोनची बॅटरी ५००० ची असेल तर दहा अकरा तास धरा. प्ले स्टोअरवर अँपिअर नावाचं अ‍ॅप आहे ते टाकून आकडा बघा.

आणि आत्ताच्या आत्ता, बाकी सगळं सोडून, फोटोंचा बॅकअप घ्या.

---

पागोळी (रविवार, संध्याकाळी ६:३०)

बॅकअप लावलाय. गावचं नेट बघता उद्या संध्याकाळपर्यंत होईल, फोन खिडकीत ठेवलाय रेंज साठी, पागोळ्यांच्या आतल्या बाजूला 😄

अँपिअर वर ४६० दाखवतंय. म्हणजे रेडिओकाका तुम्ही म्हणता तसंच. मी पुन्हा टूथपिकने करायला सांगू का?

---

सोल्डरकाका (रविवार, रात्री ९:१२)

टूथपिकचं काम संपलं, आता खरवडाल तर मुलामा जाईल. आता राहिलंय ते पीठ नाही, तो कळंक आहे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की हिरवं चढतं ना, तसंच. ओलं पीठ आंबतं, त्यात पट्टीवर पाच व्होल्ट कायम खेळतायत (पॉवरची पट्टी सीसीच्या अगदी शेजारी असते, तिथेच आधी खातं), पावसाळ्यात कोकण आणि आमचा राधानगरी गगनबावडा पट्टा इथले निम्मे फोन याच दुखण्याने येतात.

रेडिओ स्पेअर्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ९९ टक्के वालं मागा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल, थिनर, रॉकेल, अत्तर हे सगळं लोकांनी माझ्यासमोर करून बघितलंय, नको. फोन बंद करायचा, मऊ लहान मुलांच्या ब्रशचे चार केस कापून त्यावर दोन थेंब, आत फिरवायचे, तोंड खाली करून अर्धा तास वाळवायचा. देवासमोरचा दिवा, उदबत्ती, चूल यापासून लांब, ते भडकतं.

त्याने ४६० चा आकडा हजारच्या वर गेला तर उत्तम. नाही गेला तरी घाबरू नका. बहुतेक फोनमध्ये चार्जिंगचं भोक मदरबोर्डवर नसतंच, खाली एक वेगळी छोटी पट्टी असते, आम्ही सब बोर्ड म्हणतो. ती बदलायची, माझ्याकडे पाचशे ते आठशे घेतो मी मॉडेलप्रमाणे, डेटाला हात लागत नाही. ती बदलूनही चार्ज झाला नाही तरच चार्जिंग आयसीचा विचार, आणि त्यानंतर मग बोर्ड. सर्व्हिस सेंटरच्या पोराने शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली, त्यांना सुटं दुरुस्त करायची परवानगी नसते बऱ्याचदा, अख्खा भाग बदला एवढंच शिकवलेलं असतं, त्या पोराचा दोष नाही म्हणत मी.

रिपेअरला देताना एक करा. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, पिन नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका, चार्जिंग तपासायला लॉक उघडावं लागत नाही. काही फोनमध्ये सेटिंगमध्ये मेंटेनन्स मोड असतो, तो लावून द्या, आतलं काही दिसत नाही. मीच सांगतोय म्हणजे समजून घ्या.

---

ओली_छत्री (रविवार, रात्री ९:४०)

काका मला एक सांगा, आमच्याकडे (म्हापसा) फोन लावला की कधी कधी पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येतं आणि चार्ज होत नाही, फोन कोरडा असतो तरी. ते पण कळंकच का?

---

सोल्डरकाका (रविवार, रात्री ९:५१)

बहुतेक वेळा होय. ओलावा आहे का ते फोन पट्ट्यांमधल्या रोधावरून ओळखतो, आणि कळंक किंवा मीठ चढलं तरी त्याला तो ओलावाच वाटतो. समुद्राजवळ जास्त. पण आधी खरंच एक दिवस वाळवून बघा, कारण चिन्ह खरं असेल आणि तुम्ही जबरदस्तीने चार्ज केलात तर पट्ट्या जळतात. वायरलेस चार्जिंग असेल तर तेवढ्यापुरतं त्यावर भागवा. तो तिकडून व्यवस्थित होत असेल तर दोष पोर्टचाच, हेही कळून जातं.

---

पागोळी (पुढचा शुक्रवार, रात्री ११:०५)

उशिरा लिहितेय, गणपतीला घरी आलेय, आरत्या संपल्या आणि आत्ता बसले.

बॅकअप पूर्ण झाला. आजीचे सगळे फोटो आले, चारशे बारा, त्यातले अर्धे बाबांच्या अंगठ्याचे. काल रत्नागिरीहून ९९ टक्के वाली बाटली आणली, काकांनी सांगितलं तसं केलं. आकडा ४६० वरून ११०० वर गेला, पण उलट्या बाजूचं नवीन केबलचं दुखणं राहिलंच. म्हणून आज सकाळी लांज्यात एका रिपेअरवाल्याकडे गेले, त्याला म्हटलं सब बोर्ड बघा. त्याने माझ्याकडे असं बघितलं की हिला कसं माहीत 😄 समोर बसवून उघडला, पट्टी काढून दाखवली, एका कोपऱ्यात खरंच हिरवट निळं चढलं होतं आणि झाकणाच्या कडेला आत पिठाची रेघ. साडेपाचशे घेतले. आता दोन्ही केबल दोन्ही बाजूंनी, १८०० च्या आसपास आकडा.

बाबांना खिशासाठी झिपवाली प्लास्टिकची पिशवी दिली तर म्हणाले त्यातून रिंग ऐकू येत नाही. चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच घेतलं, दहा रुपयाला पाच मिळाले, एक सकाळीच हरवलं. शेवटी आईने जुन्या मोज्याचा वरचा भाग शिवून फोनची टोपी केलीये, ती घालून फोन खिशात, तोंड खाली. बघू किती दिवस टिकते.

काका, रेडिओकाका, छत्रीताई, खूप खूप आभार. साडेसहा हजार वाचले. बाबांनी विचारलंय कोल्हापूरचे ते काका कोण, इकडे आले तर पिठी घेऊन जा म्हणावं, मोदकाला चांगली आहे.

---

सोल्डरकाका (शनिवार, सकाळी ८:२०)

पिठी पोर्टातली नको म्हणावं, डब्यातली द्या 😀 बाबांना नमस्कार सांगा. तोंड खाली हे मात्र सोडू नका, टोपी असो नसो. महिन्यातून एकदा टॉर्च मारून आत बघायचं, पांढरं दिसलं की थोपटायचा, टूथपिक लगेच नाही.

---

चंद्रपूरकर_४७ (शनिवार, सकाळी ८:४१)

मस्त झालं. आमच्याकडे कोळशाची धूळ हाय, माह्याबी फोनमध्ये आता टॉर्च मारून पाहतो. काळं निघन तं काका तुमालेच विचारतो.

---

भुईचक्र_नवीन (तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १२:३०)

माझा पण फोन चार्ज होत नाही ८० टक्क्याच्या वर, ८० ला येऊन थांबतो, टूथपिक मारली, काहीच निघालं नाही, सब बोर्ड बदलू का, कृपया लवकर सांगा

---

जुनाट_रेडिओ (मंगळवार, सकाळी ६:५०)

अहो थांबा, काही बदलू नका! सेटिंगमध्ये बॅटरी, त्यात बॅटरी प्रोटेक्शन नाहीतर चार्जिंग लिमिट असं काहीतरी असेल, ते चालू आहे तुमचं. बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून फोनच ८० ला थांबवतो. बंद केलं की १०० होईल. आणि टूथपिक ठेवा खाली.